परवाना नौकेचा, पोट खलाशाचे

सागरी मासेमारीचे नियम आणि मच्छीमारांसाठीच्या सरकारी योजना यांविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे लांब असल्यामुळे त्यांतील मूळ प्रश्न तेवढा घेतला आहे.

आमच्याकडे पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नसत. आता १ ऑगस्टलाच सगळे निघतात. पावसाळी मासेमारीबंदीच्या तारखा कोण ठरवते आणि त्या काळात सरकारकडून काही मिळते का? (सातपाटी, जि. पालघर)

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियमन राज्य सरकार करते आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रात केंद्र सरकार करते. महाराष्ट्रात पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत बंदी असे. शेजारच्या राज्यांच्या तारखा वेगळ्या असल्यामुळे कोणाच्या नौका आधी उतरल्या यावरून दरवर्षी कुरबुरी होत. २०१५ पासून केंद्राने संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी लागू केली. बिनयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे.

माझ्या मते तारखा एकसारख्या असणे योग्यच आहे, पण ३१ जुलै ही मर्यादा कोकणाच्या समुद्राला फारशी मानवत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी अनेकदा खवळलेले असते, आणि पहिल्या मासळीला भाव मिळेल या आशेने लहान नौका जीव धोक्यात घालतात. गुजरातने अलीकडच्या हंगामांत बंदी १५ ऑगस्टपर्यंत लांबवली आहे. महाराष्ट्रानेही तसे करावे ही आपल्या भागातील मागणी रास्त आहे, मात्र त्या जादा दिवसांचे पोटापाण्याचे काय, याचे उत्तर तारखेबरोबरच द्यावे लागेल.

त्या उत्तराची आजची अवस्था अशी आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील उपजीविका साहाय्यात लाभार्थ्याने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० रुपये घालायचे आणि एकूण ४,५०० रुपये तीन महिन्यांत वाटून द्यायचे, अशी तरतूद आहे. महिन्याला १,५०० रुपये, आणि त्यातलेही ५०० आपलेच! तामिळनाडू सरकार बंदीकाळासाठी प्रत्येक मच्छीमार कुटुंबाला ८,००० रुपये देते.

पर्ससीन आणि एलईडी मासेमारीवर बंदी आहे असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. तरीही रात्री किनाऱ्यावरून समुद्रात शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, मात्र मासळी लागत नाही. कायदा नेमका काय सांगतो? (मालवण, जि. सिंधुदुर्ग)

पर्ससीनवर, म्हणजे मासळीच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर, सरसकट बंदी नाही, ही गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढलेल्या आदेशाने नवे परवाने बंद केले, असलेल्या परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरवले, आणि परवानाधारकांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढ्याच काळात, ठरावीक क्षेत्रात मासेमारीची मुभा ठेवली. त्यामुळे डिसेंबरनंतर राज्याच्या हद्दीत दिसणारे पर्ससीन जाळे बेकायदाच समजावे. एलईडीचे तसे नाही. प्रखर कृत्रिम प्रकाश टाकून मासे गोळा करण्यास केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आणि ती १२ मैलांच्या पलीकडेही लागू आहे. ‘आम्ही राज्याच्या हद्दीबाहेर होतो’ हा बचाव तेव्हापासून टिकत नाही.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. त्यातील दंड इतके किरकोळ होते की काही नौकामालक तो हंगामाच्या खर्चात धरूनच चालत. २०२१ च्या दुरुस्तीने अनधिकृत पर्ससीनसाठी १ ते ६ लाख आणि एलईडीसाठी ५ ते २० लाख रुपये दंड ठरवला, आणि खटला चालवण्याचे अधिकार तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिले. ही दुरुस्ती महत्त्वाची होती, कारण महसुली कामांच्या गर्दीत ही प्रकरणे तहसील कार्यालयात पडून राहत.

तरीही दिवे विझले नाहीत, याचे कारण पुराव्यात आहे. ही मासेमारी बहुधा जोडीने चालते: जनित्र आणि दिवे एका नौकेवर असतात, जाळे दुसरीवर. गस्ती नौका दिसली की दिवे मालवले जातात आणि मग अंधारात उरतात त्या दोन साध्या नौका, एकीवर जाळे नाही आणि दुसरीवर दिवा नाही. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनद्वारे पाळत सुरू केली आहे. घुसखोरी टिपण्यास तिचा उपयोग होतो, पण ड्रोनने टिपलेली नौका प्रत्यक्ष अडवायला वेगवान गस्ती नौका लागते, आणि कर्नाटकातील मलपीकडून येणाऱ्या ट्रॉलरांच्या वेगापुढे आपल्या भाड्याच्या गस्ती नौका किती टिकतात, हे मालवणच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझा आग्रह समुद्रापेक्षा बंदरावर आहे. जनित्र खिशात लपत नाही. ते दिवसाढवळ्या जेट्टीवर नौकेत चढवले जाते, त्यासाठी डिझेल भरले जाते, आणि पहाटे मासळी त्याच जेट्टीवर उतरते. मासेमारी नौकेवर प्रखर दिव्यांचा संच आणि मोठे जनित्र सापडले, तर ती तेथेच अडवावी. सवलतीच्या डिझेलचा कोटा आणि परवाना अशा नौकेला पुढच्या हंगामात मिळू नये. मच्छीमार सहकारी संस्थांनीही येथे आपल्याच सभासदांबाबत डोळेझाक करू नये. काही ठिकाणी एलईडीविरोधी मोर्चात पुढे असणाऱ्यांच्याच नातलगांच्या नौकांवर दिवे असतात, ही कुजबूज सर्वांनी ऐकलेली आहे.

पुण्यात बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट सर्रास मिळतात. असे मासे विकत घेणे गुन्हा आहे का? (पुणे)

माशांच्या किमान लांबीचा नियम स्वयंपाकघरातल्या ग्राहकाला पकडण्यासाठी केलेला नाही, त्याचा रोख पकडीवर आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान लांबी ठरवली. ती चंदेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली होती. ती ४५ वर्षांतील नीचांकी पकड होती, हे लक्षात घेतले तर या नियमाला उशीरच झाला म्हणायचा.

पिल्ले फक्त ट्रॉलर आणि पर्ससीन मारतात असे म्हणणे सोयीचे आहे, पण पूर्ण खरे नाही. बारीक आसाच्या डोल जाळ्यातही पापलेटची पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात, आणि डोल हे पारंपरिक जाळे आहे. ग्राहक म्हणून आपण एवढे करू शकता की पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. मागणी नसेल तर ती बंदरावरून पुण्यापर्यंत बर्फात घालून आणण्याचा खर्च कोणी करणार नाही.

माझे पती गुजरातच्या बोटीवर खलाशी आहेत. मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला असे ऐकले. आम्हाला त्याचा काय लाभ? (डहाणू, जि. पालघर)

ताई, स्पष्टच सांगायचे तर थेट लाभ फार थोडा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषिसमकक्ष दर्जा दिला. कृषी दराने वीज, कर्ज आणि विमा यांच्या सवलती त्यामुळे खुल्या झाल्या. पण मत्स्यसंवर्धक, बर्फ कारखाने आणि नौकामालक यांच्याकडे वीजजोडणी किंवा तारण असते, खलाशाकडे नसते. किसान क्रेडिट कार्डाचेही तसेच आहे: सागरी मासेमारीसाठी ते नोंदणीकृत नौका स्वतःची किंवा भाडेपट्ट्याने असलेल्यालाच मिळते. आपली बहुतेक मदत नौकेच्या मागे जाते, माणसाच्या मागे जात नाही. नौकेवर जाळे ओढणारा खलाशी आणि टोपली घेऊन बाजारात बसणारी कोळीण या दोघांनाही हीच अडचण येते.

आपल्यासाठी महत्त्वाची आहे ती मत्स्यसंपदा योजनेतील सामूहिक अपघात विमा योजना. तीत मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि रुग्णालयासाठी २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. हप्ता सरकार भरते. मात्र नाव आधी नोंदलेले असले पाहिजे. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर सप्टेंबर २०२४ पासून मत्स्यकामगारांची स्वतंत्र नोंदणी होते. पती घरी येतील तेव्हा आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन ती करून घ्यावी, आणि कोणत्या नौकेवर, कोणत्या बंदरातून ते जातात याचा कागद तांडेलाकडून (नौकेच्या प्रमुखाकडून) किंवा मालकाकडून लिहून घ्यावा. दुर्दैवाने काही घडलेच, तर हक्क याच कागदावर उभा राहतो. माणूस समुद्रात बेपत्ता झाल्यास कायद्यातील सर्वसाधारण नियमानुसार मृत्यू गृहीत धरायला सात वर्षे जावी लागतात, म्हणून सागरी पोलिसांकडे तक्रार त्याच दिवशी नोंदवणे अत्यावश्यक आहे.

बंदर आणि पुलांच्या कामामुळे आमच्या खाडीतील मासेमारी संपत आली. भरपाई मागता येते का? (उरण, जि. रायगड)

येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आपल्याच भागातील १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला होता. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा उपजीविकेचा हक्क मान्य केला, आणि त्यानंतर राज्याने २०२३ मध्ये बाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आणले. वाढवण बंदराच्या निमित्ताने पालघरमध्येही याच धोरणाची कसोटी लागणार आहे.

भरपाई मागताना अडचण येते ती मासेमारी सिद्ध करण्याची. जाळे टाकणाऱ्याकडे नौकेची नोंदणी आणि संस्थेचे सभासदत्व असते. ओहोटीला चिखलात उतरून कालवे, शिंपल्या आणि खेकडे वेचणाऱ्या बायकांकडे मात्र बहुधा काहीच नसते. त्यांची यादी संस्थेने ठराव करून आजच तयार करावी, त्यांना सभासद करून घ्यावे आणि कोण कोणत्या जागेवर वेचते याचा नकाशा ग्रामसभेत नोंदवावा. प्रकल्पाचे सर्वेक्षण सुरू झाल्यावर केलेली यादी संशयाने पाहिली जाते.