रशियन अभिजात साहित्याचा अभ्यास कुठून सुरू करावा आणि त्याने तिथला समाज खरंच बदलला का?

मी प्राध्यापक वगैरे नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलो, तेवढीच शिदोरी. समाजाचा प्रश्न आधी घेतो, म्हणजे वाचायचं काय हे सांगणं सोपं जाईल.

एकोणिसाव्या शतकातल्या रशियात संसद नव्हती (पहिली दूमा बसली 1906 मध्ये), पक्ष नव्हते, चारचौघांत सरकारवर बोलायची सोय नव्हती. होती ती जाडजूड मासिकं. कविता, कादंबरीचा हप्ता, परीक्षण, शेतीवरचा लेख, सगळं एकाच अंकात. 'सोव्रेमेन्निक' म्हणजे 'समकालीन' हे त्यातलं गाजलेलं. पुश्किनने 1836 मध्ये काढलं, पुढे कवी नेक्रासोवने नावारूपाला आणलं, 1866 मध्ये सरकारने बंद पाडलं. उघड बोलता येत नसे ते गोष्टीच्या आडून यायचं, आणि तेही सेन्सॉरच्या हाताखालून.

तुर्गेनेव्हचंच बघा. शिकारीला निघालेला जमीनदार वाटेत भेटलेल्या भूदासांबद्दल (जमिनीला बांधलेली, मालकाच्या मालकीची कुळं) सांगतो, अशा त्याच्या गोष्टी 1847 पासून याच मासिकात सुट्या सुट्या येत होत्या. त्यात भाषणबाजी नाही. फक्त ती माणसं मालकांपेक्षा शहाणी दिसतात. 1852 मध्ये सगळ्या एका पुस्तकात आल्या आणि मग वरच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकाला मंजुरी देणाऱ्या सेन्सॉरची नोकरी गेली. त्याच वर्षी लेखक गोगोलवर मृत्युलेख छापला म्हणून तुर्गेनेव्हला महिनाभर अटक झाली. कोठडीत त्याने 'मूमू' लिहिली: मुका भूदास, त्याची कुत्री, आणि ती कुत्री डोळ्यांसमोर नको म्हणणारी मालकीण.

म्हणून 1861 मध्ये भूदास मुक्त झाले ते या पुस्तकामुळे, असं सर्रास सांगतात. मला ते फार गोड वाटतं. क्रिमियाच्या युद्धात नाचक्की झाल्यावर जुनी व्यवस्था चालणार नाही हे दरबारालाच कळून चुकलं होतं. शिवाय वाचणार कोण? 1897 च्या जनगणनेतही पाचातल्या जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होतं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. पोचलं मालकांपर्यंत, त्यांच्या शिकलेल्या पोरांपर्यंत, सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत. त्यांना भूदासांच्या जिवावर जगण्याची लाज वाटू लागली, इतपत श्रेय मी देईन.

सरकार मात्र शब्दांना भलतंच घाबरायचं. टीकाकार बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेलं एक जळजळीत पत्र हाती उतरवून फिरत होतं. दोस्तोयेव्स्कीने ते मित्रमंडळींत मोठ्याने वाचलं, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. 22 डिसेंबर 1849 ला गोळ्या घालायला चौकात नेलं, आणि ऐन वेळी शिक्षा बदलल्याचं वाचून दाखवलं. पुढची चार वर्षं ओम्स्कच्या तुरुंगात सक्तमजुरी.

आता सुरुवात. जाड कादंबरी आधी उचलू नका, शंभराव्या पानावर दम तुटतो. गोगोलची 'ओव्हरकोट' (1842) घ्या. नवा कोट शिवायला पैसे साठवायचे म्हणून त्यातला कारकून संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती पेटवत नाही आणि बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यावर चवड्यांवर चालतो. मग 'मूमू', मग चेखवची 'वॉर्ड नंबर सहा'. शेजारी वही ठेवा: एकाच माणसाचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव आणि लाडाची दोन-तीन नावं एका ओळीत लिहायची. प्रत्येक कथेचं साल टिपा आणि तेव्हा गादीवर कोण झार होता तेही. निकोलाय पहिला (1825 ते 1855, वरच्या दोन्ही अटका त्याच्याच काळातल्या) असेल तर लेखक काय गाळतोय ते शोधत वाचा.

आणि इंग्रजीच हवं असा हट्ट नको. चांगला मराठी किंवा हिंदी अनुवाद मिळाला तर तो घ्या. रशियनमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, इंग्रजीत दोन्हींचा एकच 'यू' होतो. टॉलस्टॉयच्या 'अॅना कॅरेनिना'मध्ये बायकोचं प्रकरण उघड झाल्यावर कॅरेनिन तिला पत्र लिहितो, खर्चाला पैसेही जोडतो. पण पत्र फ्रेंचमध्ये. का, तर फ्रेंचमधलं 'तुम्ही' रशियन 'तुम्ही'इतकं थंड वाटत नाही. रोज जिला 'तू' म्हणायचं तिला एकदम 'तुम्ही' लिहिणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला तळटीप देऊन सांगावं लागत नाही.