मांजर, खार, कुत्रं आडवं आलं तर ब्रेक मारायचा की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी नुकतीच हातात आली आहे, समोर मांजर आलं, तुम्ही करकचून ब्रेक मारलात, मागचा स्कूटरवाला जेमतेम वाचला आणि दोन शब्द ऐकवून गेला. नवरा म्हणतो, "लहान जनावरासाठी ब्रेक मारायचाच नाही, सरळ जायचं." मैत्रीण म्हणते, "जीव आहे तो, थांबायलाच हवं." मग खरं काय?

नवऱ्याचं म्हणणं महामार्गावर, मागे गाडी चिकटलेली असताना बरंचसं बरोबर आहे. मैत्रिणीचं म्हणणं गल्लीत, मागे कोणी नसताना पूर्ण बरोबर आहे. माझं सरळ उत्तर विचाराल तर ब्रेक दाबायचा, पण मागच्याला झेपेल तेवढाच. आणि स्टेअरिंग फिरवायचं नाही. या दोनांत दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

आधी थोडे आकडे, कारण यावरची बहुतेक भांडणं वेगाचा उल्लेखच न करता होतात. काहीतरी दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटरने तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावून थांबायला आणखी २० मीटर, म्हणजे एकूण ४५. ताशी ४० ने हेच अंतर २५ मीटरच्या आसपास येतं आणि ताशी १०० ने जवळजवळ ९७. ओल्या रस्त्यावर १०० च्या वेगाला १२० मीटर धरून चाला. आता रात्री डिप्परवर तुम्हाला पुढचं किती दिसतं? जेमतेम ४०-६० मीटर. म्हणजे डिप्परवर ८०-१०० ने जाणाऱ्याने "मांजर दिसलं तर थांबेन की नाही" हा विचार करण्यात अर्थ नाही. दिसेल तेव्हा ते आवाक्यात नसतंच. हा निर्णय त्याने वेग ठरवला तेव्हाच होऊन गेलेला असतो.

आता सहसा कोणी सांगत नाही ती गंमत. प्राण्याला वाचवायला गाडी थांबावी लागत नाही, थोडा उशिरा पोचलात तरी पुरतं. समजा ताशी ६० ने जाताय आणि तुमचा पाय ब्रेकवर पोचला तेव्हा मांजर ३३ मीटरवर आहे. ब्रेक न लावता तुम्ही तिथे दोन सेकंदांत पोचता. मध्यम ब्रेक लावलात, म्हणजे शेजारचा माणूस पट्ट्यात किंचित पुढे झुकेल इतकाच, तर पोचायला २.६ सेकंद लागतात. हे ०.६ सेकंद क्षुल्लक वाटतात, पण पळणारं मांजर तेवढ्यात चार-पाच मीटर जातं आणि एक लेन साधारण साडेतीन मीटरची असते. म्हणजे ते लेनच्या पार गेलेलं असतं. शिवाय त्या ब्रेकने मागच्याचं काही बिघडत नाही, त्याला तुमचा लाल दिवा दिसतो आणि तोही आरामात हळू होतो. चाकं किंचाळतील असा ब्रेक मारायची वेळ लहान जनावरासाठी क्वचितच येते. येते तेव्हा बहुतेकदा जनावर इतकं जवळ असतं की त्या ब्रेकचाही उपयोग नसतो.

म्हणून तुमच्या प्रसंगात ब्रेक मारला यापेक्षा तो मारताना मागे काय आहे हे माहीत नव्हतं, ही खरी अडचण होती. ब्रेक मारताना आरसा बघायला वेळ मिळत नाही, कोणालाच मिळत नाही. आरसा आधीच बघितलेला असावा लागतो. दर पाच-सात सेकंदांनी मधल्या आरशात नुसती नजर टाकायची सवय लावा, काही बघायचं नसलं तरी. मग अचानक काही आलं तरी "मागे ट्रक आहे आणि जवळ आहे" हे डोक्यात तयार असतं, पाय आपोआप तेवढाच दाबतो. मागचा सतत चिकटूनच चालत असेल तर मी पुढच्या गाडीपासूनचं माझं अंतर वाढवतो. त्याने माझ्या मागे ठेवायला हवी होती ती जागा मी माझ्या पुढे ठेवतो. त्याला जायचंच असेल तर जाऊ देतो.

"मागून धडकला तर चूक मागच्याचीच" हे वाक्य या विषयात फार फेकलं जातं. बहुतेक वेळा ते खरं आहे, अंतर ठेवणं ही मागच्याचीच जबाबदारी. पण ते तुम्हाला मोकळीक देत नाही. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातच लिहिलं आहे की सुरक्षेसाठी गरज असल्याशिवाय चालकाने अचानक ब्रेक मारू नये. जर्मनीच्या वाहतूक नियमांतही पुढच्या गाडीने सबळ कारणाशिवाय जोरात ब्रेक मारू नये असं कलम आहे, आणि लहान जनावर हे सबळ कारण होतं का यावर तिथे कज्जे होतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात २०१० साली एका बाईने बदकाच्या पिल्लांसाठी महामार्गाच्या डाव्या, म्हणजे तिथल्या वेगवान लेनमध्ये गाडी उभी केली. मागून आलेली मोटारसायकल गाडीवर आदळली, चालक आणि त्याची १६ वर्षांची मुलगी दोघं गेले. मोटारसायकलचा वेग मर्यादेपेक्षा जास्त होता, तरी २०१४ मध्ये ती बाई दोषी ठरली आणि तिला ९० दिवसांचा तुरुंगवास झाला, शनिवार-रविवारी भोगायचा. तिचा हेतू कोणाला खोटा वाटला नाही. पण हेही लक्षात घ्या की तिने ब्रेक मारला हा मुद्दा नव्हताच, वेगवान लेनमध्ये गाडी उभी करून ती खाली उतरली हा होता. पिल्लांची रांग बघून हळू होणं वेगळं आणि महामार्गावर गाडी उभी करणं वेगळं.

आता स्टेअरिंग. माझ्या मते लहान जनावरांमुळे होणाऱ्या वाईट अपघातांत जनावराला धडक बसण्यापेक्षा जनावराला चुकवणं जास्त घातक ठरतं. ससा, मुंगूस, मांजर चाकाखाली आलं तर गाडीला धक्का बसतो, एखादं प्लास्टिक तुटतं. त्याच जनावरासाठी झटक्यात स्टेअरिंग फिरवलं तर पुढे काय येईल ते तुमच्या हातात राहत नाही. समोरून येणारी गाडी येईल, झाड येईल, डिव्हायडर येईल. उंच गाडी असेल तर ती आडवी होईल. बरं, जनावर सरळ रेषेत पळेल याचीही खात्री नाही. खार तर मुद्दाम उलटसुलट पळते, ससाण्याला चकवायची तिची तीच पद्धत आहे. तुम्ही उजवीकडे वळलात की तीही उजवीकडे. लेनमध्येच राहा, जनावराला स्वतःचं बघू द्या. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पूर्ण ब्रेक दाबूनही स्टेअरिंग वळतं हे खरं. तो गुण माणूस किंवा गाय समोर आली तर वापरायचा, तोही पुढे मोकळी जागा आधीच दिसली असेल तरच. (आणि ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरलं तर घाबरून पाय उचलू नका. एबीएस चालू झालं की ते थरथरणारच, तसंच दाबून धरायचं.)

लहान म्हणजे किती लहान, याला माझ्याकडे एकच कसोटी आहे: धडकेने गाडीतल्या माणसाला इजा होऊ शकते का? मांजर, कोंबडी, घोरपड, लहान कुत्रं यांनी होत नाही. मोठं कुत्रं या कसोटीत मधे कुठेतरी बसतं, ते रेडिएटर फोडू शकतं. डुक्कर, वासरू, हरिण आलं की विषय बदलतो. उंच पायांच्या जनावराचे पाय बंपर तोडतो आणि धड थेट काचेवर येतं. तिथे मागचा काय करेल याचा विचार न करता पूर्ण ब्रेक, कारण ती धडक तुमच्याच जिवावर येते. तरीही सरळच.

टू-व्हीलरवाल्यांनी वरचं सगळं वाचून स्वतःला लावू नये. दुचाकीला मांजर लहान नसतं. पुढच्या चाकाखाली अंगापिंडाचं काहीही आलं की हँडल हिसकलं जातं, त्यामुळे तिथे टाळणं हा स्वतःचा जीव वाचवण्याचाच भाग आहे. गाडी सरळ उभी असताना दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू वाढवत. वळणात झुकलेली असताना पुढचा ब्रेक झटकन दाबलात तर जनावर वाचेल, तुम्ही आडवे व्हाल. आणि धडक होणारच असं दिसलं तर शेवटच्या क्षणी ब्रेक सोडा, हँडल सरळ घट्ट धरा, पायांवर किंचित उठा आणि चाकाला वरून जाऊ द्या. ब्रेक लागलेलं पुढचं चाक दबलेलं असतं, ते अडथळा चढत नाही, अडकतं. मागे लागणाऱ्या कुत्र्याचं गणित निराळं. ते तुमच्या वेगाचा अंदाज घेऊन तिरकं येतं. थोडा वेग कमी करा, त्याचा अंदाज चुकतो, मग जवळ आलं की वेग वाढवून निघून जा. लाथ मारायचा विचारही नको, एका पायावर तोल जातो.

कोणतं जनावर कसं वागतं हे माहीत असलं तर अर्धं काम आधीच होतं. कुत्रं, मांजर, हरिण यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून रात्री अंग दिसायच्या आधी दोन ठिपके चमकतात. ठिपके दिसले की पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, ते काय आहे ते नंतर ठरवायचं. खारीच्या डोळ्यांत असा थर नसतो, पण ती रात्री रस्त्यावर नसतेही. जनावर उजेडात खिळून उभं राहिलं तर अप्पर मारत राहू नका, डिप्पर द्या आणि एक छोटा हॉर्न. सलग हॉर्नने ते बावरतं आणि कुठेही धावतं. संध्याकाळी तापलेल्या डांबरावर साप ऊब घ्यायला पडलेले असतात आणि लांबून ते दोरीसारखे दिसतात. पावसाच्या पहिल्या रात्री बेडूक असतात आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी वेग कमी करण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. काटेरी जाहक (हेजहॉग) तर धोका दिसला की पळत नाही, जागीच गोळा होतो. त्याला हॉर्न देऊन उपयोग नाही.

एक गेलं की रस्ता मोकळा समजू नका. पिल्लं आईच्या मागे येतात, डुकरं रांगेने येतात, आणि पाळलेल्या कुत्र्यामागे बऱ्याचदा एखादं मूल पळत येतं. वस्तीत मी जनावरासाठी निःशंक ब्रेक लावतो त्याचं मोठं कारण हेच. तिथे वेगही असा असायला हवा की करकचून दाबायची वेळ येऊ नये.

आपोआप ब्रेक लावणाऱ्या नव्या गाड्यांच्या भरवशावर राहू नका. त्यांचे कॅमेरे आणि रडार मुख्यतः गाड्या, पादचारी आणि सायकलस्वार ओळखायला घडवलेले असतात. व्होल्वोने मोठी जनावरं ओळखणारी सोय आणली, तीही सांबराएवढ्या जनावरांसाठी, आणि ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या उड्यांनी तिचा अंतराचा अंदाज चुकत असल्याचं २०१७ मध्ये कंपनीच्याच लोकांनी सांगितलं. मांजर त्यांच्या खिजगणतीत नाही.

काही जणांना वाटतं की अर्धे चालक मुद्दाम जनावरांवर गाडी घालतात. कॅनडातल्या एका अभ्यासात (२००७) रस्त्यावर खोटे साप-कासव ठेवून पाहिलं होतं. मुद्दाम चाक घालणारे सुमारे २.७ टक्के निघाले. कमी आहेत, तरी चीड येते. पण त्या अभ्यासात थांबून कासव उचलायला आलेलेही होते.

धडक झालीच तर पुढे थोडं जाऊन, कडेला, पार्किंगचे दिवे लावून थांबा. मागची वाहतूक बघूनच उतरा. गाडीखाली पाणी गळतंय का, बंपर चाकाला घासतोय का ते आधी पाहा, तसंच पुढे गेलात तर इंजिन तापून बसेल. जखमी जनावर, अगदी पाळलेलंसुद्धा, वेदनेत चावतं. उघड्या हाताने उचलू नका, जाड कापड किंवा चटई वापरा आणि प्राणीमित्र संस्थेला किंवा पशुवैद्याला फोन करा. काही देशांत थांबणं आणि कळवणं सक्तीचं असतं, पण यादी मजेशीर असते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात कुत्रा, घोडा, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी आणि गुरं आहेत, मांजर नाही. मेलेलं जनावर रस्त्यात राहिलं तर ते खायला आणखी प्राणी येतात आणि तेही चिरडले जातात, म्हणून सुरक्षित असेल तर कडेला करावं. गाड्या सुसाट जात असतील तर तो नाद सोडा, रस्त्याची देखभाल करणाऱ्यांना कळवा.

राहिला तुमचा स्कूटरवाला. तो जास्त चिकटून होता हे उघड आहे, त्याच्या शिव्या मनाला लावून घेऊ नका. नवऱ्याला मात्र ०.६ सेकंदाचं गणित दाखवा. आणि एकदा रिकाम्या मैदानात, मागे कोणी नसताना, ४० च्या वेगाने तुमच्या गाडीचा मध्यम ब्रेक आणि पूर्ण ब्रेक दोन्ही दाबून बघा. दोन्हींतला फरक पायाला कळला की रस्त्यावर तो आठवावा लागत नाही.