पोर्ट फॉरवर्डिंगचं नंतर बघू, आधी राउटरमधला वॅन आयपी बघा

तुमची अडचण अशी: लॅपटॉपवर झॅम्प (अपाचे वेब सर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज), त्यात मंडळाची वर्डप्रेस साइट. इंदूरात राजेंद्रनगरला तुमच्या घरच्या वाय-फायवर मोबाइलमध्ये उघडते, सुखलियात बसलेल्या समितीच्या लोकांना उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट ८० फॉरवर्ड केलाय (म्हणजे बाहेरून वेबच्या दारावर आलेली विनंती लॅपटॉपकडे पाठवायचा नियम), आणि इंटरनेटवाल्यांचं ऑफिस म्हणतंय, "राउटर रिस्टार्ट करके देखिए." हे वाक्य मला पाठ आहे, म्हणून लिहायला बसलो.

लॅपटॉपच्या फायरवॉलचं, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं, सोडतो. ते जमलं नसतं तर घरातसुद्धा उघडलं नसतं.

राउटरच्या पानावर स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, दिसतो; तो कागदावर लिहा. मग 'माझा आयपी काय' सांगणारी कुठलीही साइट उघडून तिथला आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर फॉरवर्डिंगला अर्थ आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी कंपनीने अनेक घरांत वाटलाय. बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग त्यात कितीही नियम लिहा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीचा डबा आणि तुमचा राउटर असे दोन राउटर एकामागे एक लागलेत. ते ब्रिज मोडने सुटू शकतं, म्हणजे कंपनीचा डबा नुसता सिग्नल पुढे देतो आणि राउटरचं काम तुमचा एकटा राउटर करतो. आणि तपासणी मोबाइल डेटावरूनच करा. घरच्या वाय-फायवरून स्वतःचाच सार्वजनिक आयपी उघडणं बऱ्याच राउटरना जमत नाही, आणि आपण उगाच सेटिंगं उकरत बसतो.

काउंटरवर 'साइट उघडत नाही' म्हणू नका. "मेरा कनेक्शन सीजीनॅट पर है क्या, स्टैटिक आईपी मिलेगा?" एवढंच विचारा. स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक आयपी. माझ्या इंटरनेटवाल्यांनी हे एका ओळीचं उत्तर द्यायला दोन आठवडे लावले, आणि मधल्या काळात मला नवा राउटर विकून झाला. असो.

समितीला चार दिवस दाखवण्यापुरतं स्टॅटिक आयपीचे पैसे घालवू नयेत, हे माझं मत. टनेल वापरा: लॅपटॉपवरचा छोटा प्रोग्रॅम स्वतःहून एका कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो, आणि पाहुणे त्या कंपनीने दिलेल्या पत्त्यावरून आत येतात. क्लाउडफ्लेअरचा झटपट टनेल खातं न उघडता चालतो, पत्ता मात्र दर वेळी नवा. एनग्रॉकला खातं लागतं, आणि फुकटच्या योजनेत पाहुण्याला आधी एक इशाऱ्याचं पान दिसतं. ज्येष्ठ मंडळी तिथेच घाबरून फोन करतात.

आता मुख्य गोष्ट. टनेल थेट पोर्ट ८० ला जोडू नका. झॅम्पमध्ये पीएचपीमायॲडमिनला (डेटाबेस बघायच्या-बदलायच्या वेब पानाला) 'रिक्वायर लोकल' असं कुंपण असतं, म्हणजे फक्त याच मशीनवरून उघडेल. पण टनेलचा प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर चालतो. त्यातून येणारा प्रत्येक पाहुणा अपाचेला १२७.०.०.१ वरून, म्हणजे याच मशीनवरून, आलेला दिसतो आणि कुंपण आपोआप उघडतं. झॅम्पमध्ये रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याला, पासवर्ड नसतो आणि पीएचपीमायॲडमिन लॉगिन न विचारताच आत सोडतं. पत्त्यापुढे पीएचपीमायॲडमिन टाइप केलं की मंडळाच्या सगळ्या कुटुंबांची नावं आणि फोन नंबर समोर. वेगळा व्हर्च्युअल होस्ट (त्याच अपाचेवर वेगळ्या नावाची साइट) केला तरी हे टळत नाही, कारण पीएचपीमायॲडमिनचा एलियास, म्हणजे त्या पत्त्याला फोल्डर जोडणारी ओळ, मुख्य सर्व्हरवर लिहिलेला असतो आणि सगळ्या होस्टना लागू होतो. हे मला उशिरा कळलं.

म्हणून दाखवताना अपाचे बंद, मायएसक्यूएल चालू. साइटच्या फोल्डरवर पीएचपीचा अंगचा सर्व्हर १२७.०.०.१ वर, पोर्ट ८०८० ला लावा आणि टनेल तिथे जोडा. पीएचपी झॅम्पच्या फोल्डरमधलंच घ्या, नाहीतर पीएचपीला डेटाबेसशी बोलायला लागणारं मायएसक्यूएलआयचं एक्स्टेंशन वेगळं सुरू करत बसावं लागेल. हा सर्व्हर विंडोजवर एका वेळी एकच विनंती हाताळतो, चार जण एकदम आले की अडखळेल. शिवाय एचटीॲक्सेस, म्हणजे अपाचेच्या नियमांची फाइल, वाचत नाही, त्यामुळे त्यात घातलेल्या बंदीवर भिस्त नको. बॅकअपच्या झिप आणि एसक्यूएल फाइली साइटच्या फोल्डरबाहेर काढा. खऱ्या सभासदांची यादी काढून खोटी नावं भरलीत तर उत्तमच.

एवढं करून समितीला पान पांढरं किंवा विस्कटलेलं दिसलं तर घाबरू नका. वर्डप्रेस स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') किंवा लॅपटॉपचा घरातला आयपी असा ठेवतं, आणि पाहुण्याचा ब्राउझर तोच पत्ता स्वतःच्या मोबाइलवर किंवा स्वतःच्या घरात शोधतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये होम आणि साइटयूआरएल या दोन्हींना टनेलचा पत्ता द्या, एचटीटीपीएससकट. पान गोल गोल फिरत राहिलं तर फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (पाहुणा एचटीटीपीएसवरून आला हे सांगणारी टनेलची नोंद) बघून एचटीटीपीएस 'ऑन' करणारी ओळ त्याच फाइलमध्ये घाला. डेटाबेसची एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून पत्ते बदलू नका. सिरियलाइझ केलेल्या, म्हणजे लांबीसकट साठवलेल्या, मजकुराची लांबी चुकते आणि विजेट उडतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाचं सर्च-रिप्लेस ते नीट करतं.

मी नेटवर्कचा माणूस नाही, तुमच्या राउटरचा मेनू वेगळा असेल. जाता जाता: लॅपटॉप चार्जरवर असताना स्लीप 'नेव्हर' करा, आणि लाइट जाते म्हणून जेल रोडवर राउटरचा छोटा यूपीएस घ्यायला गेलात तर राउटरचा ॲडॅप्टर सोबत न्या. काही ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे; व्होल्ट तंतोतंत तोच हवा, यूपीएसचे अँपिअर जास्त असले तरी चालतात.