एका इंचात सहा फूट

"मॅडम, दिवसभर पुठ्ठे नि फेविकॉल घेवन बसता. बोलावल्यार ओ देणा नाय. ह्येच्या डोक्यात काय बिघाड तर नाय मां?" सावंतवाडीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून एक आई विचारत होती. मुलगा नववीतला. वडील शेजारी गप्प. सहामाहीत गणितात कसाबसा पास, शाळेत मित्र नाही, आणि घरात ट्रक, विमानं, पुठ्ठ्याची घरं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही काळजी मी वर्षातून कितीतरी वेळा ऐकते. कधी गाड्यांचं वेड, कधी पक्ष्यांचं. प्रश्न तोच: हे आवड आहे की आजार?

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. आईवडिलांची घाई मी माझ्या अंगावर घेतली आणि वेळापत्रक आखून दिलं. आधी दोन तास अभ्यास, तो झाला तर एक तास मॉडेल. पंधरा दिवसांनी आईने सांगितलं, मुलगा रात्री पांघरुणात टॉर्च लावून कटर चालवतो. बोट कापलं तेही त्याने लपवलं. जे त्याचं होतं ते मी बक्षीस करून टाकलं होतं. मी त्याची मनापासून माफी मागितली आणि म्हटलं, पुढच्या वेळी तुझं काम घेऊन ये.

तो बुटांच्या तीन खोक्यांत आमच्या सावंतवाडीची आख्खी बाजारपेठ, उभा बाजार, घेऊन आला. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या भिंती, नालीदार पुठ्ठ्याची कौलं, आइस्क्रीमच्या काड्या चिरून केलेल्या दुकानांच्या फळ्या. एका दारासमोर दहा टायरी ट्रक, मागे तीळभर आकाराचं लिंबू-मिरची टांगलेलं. चाकं चितारआळीतल्या एका खेळणी बनवणाऱ्या आजोबांनी दिलेल्या पांगाऱ्याच्या तुकड्यांची.

"दारं एवढी लहान का?" मी विचारलं.

"लहान नाहीत. एकास बहात्तर आहे. सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच होतो." मग तो थांबेनाच. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर 2021 च्या ऑक्टोबरात पहिलं प्रवासी विमान उतरलं ते एटीआर 72. त्याचे पंख 27 मीटर, म्हणजे या मापात साडेसदतीस सेंटिमीटर. त्यासाठी चौथं खोकं लागणार होतं. कोकण रेल्वेवर 1999 पासून ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेतात, कोलाड ते वेर्णा; ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच बसून जातात. तशी गाडी दिसली की हा पठ्ठ्या नंबरप्लेटवरून कुठल्या राज्याचे किती ट्रक ते वहीत उतरवतो.

मी विचारलं, दारांची मापं कुठून आणलीस? तेव्हा खरी गोष्ट कळली. तो दुकानादुकानांत जाऊन परवानगी मागून मापं घेत होता. चौदा दुकानदारांशी बोलला होता. कुणाच्या दुकानाच्या फळ्यांवर क्रमांक आहेत, कुणी त्या काढून शटर बसवलं, हे त्याला माहीत होतं. मित्र नसलेला मुलगा! त्याचे मित्र साठीचे होते, एवढंच.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यानंतर दिलं. नुसती एका विषयाची ओढ म्हणजे आजार नव्हे. मी बघते ते वेगळं: मूल जेवतं-झोपतं का, त्याच्या विषयावर आपण काही बोललो तर ऐकून घेतं का, गरज पडली तर हातातलं काम बाजूला ठेवू शकतं का. लहानपणापासून समोरच्याशी संवादच जमत नसेल, आवाज-स्पर्श सहन होत नसतील, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होत असेल, तर मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञाला जरूर दाखवावं. त्यात लाज नाही. या मुलात तसं काही नव्हतं. उलट आवडीचं कामही अचानक सुटलं आणि मूल नुसतं छताकडे बघत पडून राहू लागलं, तर माझ्या काळजाचा ठोका चुकतो.

आईवडिलांना मी तीनच गोष्टी सांगितल्या. कटर दिवसा, उजेडात, आईसमोर. आणि मॉडेल अभ्यासाच्या तराजूत घालायचं नाही. अभ्यासाची वेळ अभ्यासाची, याची याला. झोप मात्र दहाला, त्यात तडजोड नाही. चौथी गोष्ट फक्त वडिलांसाठी होती: त्याचं काम बघा. सहा महिन्यांत त्यांनी त्या खोक्यांत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. "बघितलं तर उत्तेजन दिल्यासारखं होईल," असं ते म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. दहावी तोंडावर आली होती. पण न बघितल्याने छंद कमी झाला नव्हता, पोरगा तेवढा लांब गेला होता.

वार्षिक परीक्षेत गणिताचे गुण थोडे वाढले, संस्कृतचे होते तिथेच राहिले. त्याचं श्रेय मी मॉडेलला देणार नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी उभ्या बाजारातून भाजी घेऊन येत होते. दुकानं अजून उघडायची होती. एका बंद दारासमोर वडील उकिडवे बसले होते, उंबऱ्यावर टेपचं टोक अंगठ्याने दाबून. वर स्टुलावर मुलगा.

"बाबा, घट्ट धरा. ढिली सोडलात की अर्धा इंच जातो."

"धरलंय रे. वाच तू."