बीएस्सीला वाणिज्याचा विषय कशाला?

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय रसायनशास्त्र. ओपन इलेक्टिव्ह म्हणून तिला 'व्यवसायाची ओळख' हा दोन क्रेडिटचा विषय घ्यायचाय. तो वेळ रसायनशास्त्राला दिलेला बरा नाही का?
– एक पालक, सातारा

उत्तर : तसं करता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचाच घ्यावा लागतो. मुलीची निवड चांगली आहे, फक्त अभ्यासक्रम आधी पाहून घ्या. प्रत्येक घटक 'अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व' यांवरच संपत असेल तर तो विषय सोडा. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (त्याच नोंदींची खातेवार मांडणी), ताळेबंद (मालमत्ता आणि देण्यांचा तक्ता), ना-नफा-ना-तोटा बिंदू असं काही असेल तर जरूर घ्या.

दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. एवढ्यात व्यवस्थापन येत नाही, पण छोट्या धंद्याचा हिशेब वाचता येतो. समजा, तिने उद्या फिनाइल बनवायला घेतलं. बाटली ६० रुपयांना विकली, माल आणि बाटलीचा खर्च ३६, उरले २४. भाडं आणि पगार मिळून महिन्याला १२,००० असतील तर ५०० बाटल्या खपेपर्यंत हातात नफा नाही; हाच ना-नफा-ना-तोटा बिंदू. चुका होतात त्या इथेच. स्वतःच्या मेहनतीचा पगार कुणी धरतच नाही. चार वर्षं चालणाऱ्या २४,०००च्या यंत्राचा सगळा खर्च पहिल्याच महिन्यावर टाकतात. खरं तर घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च, महिन्याला ५०० रुपयेच. आणि माल उधारीवर गेला की वहीत नफा दिसतो, गल्ला मात्र रिकामा.

विज्ञानाची मुलं नावे-जमेपाशी (डेबिट-क्रेडिटपाशी) हमखास अडतात. बँकेत पैसे भरले की पासबुकात ते 'जमा' दिसतात, आणि आपल्या वहीत मात्र बँक खातं 'नावे' करायचं! कारण साधं आहे : पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्याकडे जमा. आपलं तिच्याकडे येणं आहे, म्हणून आपल्याकडे नावे. ही गाठ पहिल्या आठवड्यातच शिक्षकांकडून सोडवून घ्यायला सांगा. ती राहिली की पुढे नुसती घोकंपट्टी होते.

सीएचा विचार असेल तर या क्रेडिटमुळे तिथे सूट मिळत नाही. सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला जायचं तर विज्ञान पदवीधराला पदवीला किमान ६० टक्के लागतात.