अक्षरांची चित्रे की खळ्यावरची रात्र? जुना करार हिब्रू नजरेने वाचण्याबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या जुन्या वह्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. जुना करार प्राचीन हिब्रू लोकांच्या नजरेने वाचायला शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा तुम्ही पूर्ण केला आहे. प्रत्येक हिब्रू अक्षर मुळात एक चित्र आहे आणि त्या चित्रांतून शब्दाचा दडलेला अर्थ उलगडतो, असे तुम्हाला तिथे शिकवले. मराठी बायबल ग्रीक विचारांनी बिघडलेले आहे, म्हणून ते बाजूला ठेवा, असेही सांगितले. आता दुसऱ्या टप्प्याचे शुल्क भरावे का, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर आहे, भरू नका. मी धर्मगुरू नाही आणि विद्यापीठातला अभ्यासकही नाही. हिब्रू मला कोश हाताशी ठेवूनच वाचता येते. त्यामुळे पुढचे सगळे एका साध्या वाचकाचे मत म्हणून घ्या आणि स्वतः पडताळून पाहा.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक नेमकी हीच होती. एका संस्थेचा असाच अभ्यासक्रम मी दोन वर्षे केला. 'आव', म्हणजे बाप, हा शब्द आलेफ आणि बेथ या दोन अक्षरांचा आहे. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, म्हणून बाप म्हणजे घराचे बळ, असे मला शिकवले गेले. मला ते इतके भावले की आमच्या घरगुती बायबल अभ्यासात मी पुढे दीड वर्ष हेच शिकवत राहिलो. एकदा अभ्यासाला पाहुणे म्हणून आलेल्या एका वृद्ध बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या) गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "ही अक्षरे मी लहानपणापासून प्रार्थनेत वाचतो आहे, पण शब्द असा फोडून त्याचा अर्थ लावायला आम्हाला कोणी शिकवले नाही. हे तुम्हाला कुठे मिळाले?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मी शोधायला बसलो. सिनाई द्वीपकल्पात सराबित अल-खादिम येथे १९०५ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना अगदी आरंभीच्या अक्षरलिपीतले लेख सापडले आणि १९१६ साली प्राचीन इजिप्तचे अभ्यासक अॅलन गार्डिनर यांनी त्यांतला एक शब्द लावला. त्या शब्दात चार चित्रे आहेत: घर, डोळा, पराणी (बैल हाकायची काठी) आणि फुली. त्यांची बेरीज करत बसले तर काहीच हाती लागत नाही, पण प्रत्येक चित्राच्या नावाचा पहिला आवाज घेतला की 'बअलत' हा शब्द मिळतो आणि त्याचा अर्थ होतो स्वामिनी. चित्र आवाजासाठी होते, अर्थासाठी नव्हते. आपण मुलांना 'ब बदकाचा, घ घराचा' असे शिकवतो, म्हणून 'बघ' या शब्दाचा अर्थ कोणी बदकाचे घर असा लावत नाही. 'बापा'चेही तसेच आहे. हिब्रूच्या नात्यातल्या, प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेत बापाला 'अबू' म्हणत आणि तो शब्द पाचरीसारख्या खुणांच्या कीलाकार लिपीत लिहीत. त्या लिपीत आलेफही नाही आणि बेथही नाही, तरी शब्द तोच आहे. अर्थ अक्षरांच्या चित्रांतून येत असता, तर हे घडलेच नसते.

हे सर्व मी त्या संस्थेला लिहून कळवले. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्राला एका वाक्याचे उत्तर आले की शंका घेणे हेच ग्रीक मनाचे लक्षण आहे. पैसे गेले त्याचे मला फारसे वाटले नाही. ते वाक्य मात्र अजून सलते, कारण ज्या शास्त्रात अब्राहाम देवाशी सदोमेबद्दल घासाघीस करतो आणि ईयोब देवालाच जाब विचारतो, ते शास्त्र शिकवणाऱ्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला परके ठरवले होते. त्याहून कठीण होते ते अभ्यासगटातल्या प्रत्येक घरी जाऊन 'मी तुम्हाला चुकीचे शिकवले' असे सांगणे. दोन कुटुंबे त्यानंतर अभ्यासाला आली नाहीत. हिब्रू मन गतिमान आणि ग्रीक मन स्थिर, अशी शब्दांच्या आधारे केलेली वाटणी कशी टिकत नाही, हे बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ सालीच सविस्तर दाखवून दिले होते, हे मला फार उशिरा कळले.

मग हिब्रू नजर म्हणजे काहीच नाही का? नक्कीच आहे. ती त्या लोकांच्या शेतात, पावसात, घरात आणि बोलीत सापडते. १ शमुवेलचा १२वा अध्याय घ्या. गव्हाच्या कापणीचे दिवस आहेत, शमुवेल प्रार्थना करतो, गडगडाट होऊन पाऊस पडतो आणि सगळे लोक भयभीत होतात. मी हे अनेकदा वाचले होते आणि प्रत्येक वेळी वाटायचे की पावसाला एवढे काय घाबरायचे? तिथली गव्हाची कापणी साधारण मे-जूनमध्ये होते. आपल्याकडे त्या दिवसांत वळीव पडतो, मग मृग लागतो आणि पाऊस ही आनंदाची गोष्ट असते. कनानात, म्हणजे बायबलमधल्या त्या प्रदेशात, मात्र पाऊस हिवाळ्याचा. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये पडतो, त्यानंतर आभाळ कोरडे ते कोरडेच. मराठी बायबलात 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' पाऊस असे शब्द येतात. ते सुंदर आहेत, पण आपला वळीव आगोटीच्या आधी येतो आणि तिथला 'वळीव' पावसाळ्याच्या शेवटी. हे ध्यानात आले तेव्हाच त्या लोकांची भीती मला कळली. फाल्गुनात उभ्या गव्हावर अवकाळी पाऊस कोसळताना ज्याने पाहिला आहे, त्याला तिचा थोडा तरी अंदाज येईल.

इथे एक उपयोगी गोष्ट सांगतो. १९०८ साली त्याच प्रदेशातल्या गेजेर या प्राचीन शहराच्या जागी तळहाताएवढी चुनखडीची एक पाटी सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातली मानतात आणि तिच्यावर वर्षभराची शेतीची कामे महिन्यांप्रमाणे कोरलेली आहेत: पीक गोळा करणे, पेरणी, उशिराची पेरणी, जवस उपटणे, जवाची कापणी, मग पुढची कापणी आणि मोजदाद, द्राक्षवेलींचे काम आणि शेवटी उन्हाळी फळे. ही यादी मी माझ्या बायबलच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतली आहे आणि कुठलाही प्रसंग वाचताना तो कोणत्या महिन्यातला आहे, ते आधी पाहतो. रूथ जवाच्या कापणीच्या आरंभी बेथलेहेमात येते. तिथला शेतमालक बवाज रात्री खळ्यावर धान्याच्या राशीजवळ झोपतो, हे ज्यांच्या आजोबांनी खळ्यावर रात्री काढल्या त्यांना समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळच्या वाऱ्यावर उफणणी होते आणि रास उघड्यावर असते, म्हणून धनी तिथेच निजतो.

बोलीबद्दलही तेच. निर्गम ३४:६ मध्ये देव 'मंदक्रोध' आहे असे आपण वाचतो. मूळ हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा' असे आहे, कारण त्या भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. नाकाच्या शेंड्यावर राग असलेली माणसे आपल्या ओळखीचीच असतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना चटकन समजते. 'नेफेश' या हिब्रू शब्दाचे भाषांतर बहुधा 'जीव' किंवा 'आत्मा' असे होते, पण त्याच शब्दाचा एक अर्थ गळा आहे. स्तोत्र ६९च्या आरंभी पाणी नेफेशपर्यंत आले आहे, म्हणजे गळ्याशी आले आहे. अशी साम्ये सापडली की मराठी आणि हिब्रू यांचे प्राचीन नाते जोडायचा मोह होतो. तो कृपा करून टाळा. शरीर सर्वांचे सारखेच असते, एवढेच त्यातून दिसते.

आणि मराठी बायबल बाजूला ठेवू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची अनेक वर्षे संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामाला लागून होत्या. त्या श्रमाला ग्रीक मनाची बिघडवणूक म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवा आणि जिथे ती वेगळी होतात तिथे कोश उघडा. मी अजूनही असेच वाचतो.

शुल्क भरण्याचा विचार तरीही मनात असेल, तर आधी त्यांना 'बअलत' हा शब्द चित्रांच्या आधारे फोडून दाखवायला सांगा आणि ते काय म्हणतात ते इथे जरूर लिहा.