स्लीव्ह सर्जरीला (वजन कमी करायला जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया) चार महिने झाले, वजन अडलंय आणि आता गणपतीला कोकणात गावी जायचंय. हुरूप कसा टिकवू?

वजन मध्येच काही आठवडे अडतं, मग परत उतरायला लागतं. रोज काट्यावर चढू नका, आठवड्यातून एकदा पुरे. केस गळत असतील तर तेही या सुमारास होतंच, बहुतेकांचे परत येतात.

खाण्याच्या बाबतीत कोकणात तुमची चंगळ आहे. प्रथिनं दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात. त्यामुळे ताटात आधी बांगडा नाहीतर सुरमई, भात शेवटी आणि तोही जागा उरली तर. आधी भात खाल्लात की माशाला जागाच नाही. घास बारीक चावा. सोलकढी जेवताना नको, अर्ध्या तासाने घ्या.

चतुर्थीला प्रश्न सोपा राहिला असता, पण काकू-आत्या असतात ना! "एवढंसंच? एक मोदक तरी घे!" गोड एकदम जास्त गेलं की काहींना घाम, धडधड, चक्कर येते. म्हणून एक मोदक वाढून घ्या, दोन घास खा, बाकी ताटात राहू द्या. रिकामं ताट दिसलं की वाढपी आलाच. उकडीचे मोदक चतुर्थीनंतरही घरी होतील. गोळ्या (बी-१२, लोह, कॅल्शियम) मात्र बॅगेत आधी टाका, आणि गावी उलट्या थांबेनाशा झाल्या तर सण बघू नका, सर्जनना लगेच फोन करा.